शुक्रवारची शेंगटी

रत्नागिरीच्या राजीवड्यातल्या सुरय्याला तिचा नवरा आठवड्यातून दोनदा भेटत असे: गुरुवारी फोनवर दोन मिनिटं आणि शुक्रवारी राक्षसासमोर दोन तास.

गुरुवारचं काही खरं नव्हतं. जमाल कुवेतहून फोन करी तो अम्मीसाठी. अम्मी म्हणजे सुरय्याची सासू. आधी ती पोटभर बोले, मग सासरे होडीवरून घरी आलेले असले तर ते, मग नणंद फिजा आपली फर्माईश सांगे, आणि फोनकार्डातली शेवटची दोन मिनिटं उरली की रिसीव्हर सुरय्याच्या हातात येई. तोवर सगळं घर फोनभोवती कान टवकारून बसलेलं असे. "बरी हायस?" "बरी हाय." "जेवलीस?" "जेवली." एवढ्यात फोन कट. एसटीचा कंडक्टरसुद्धा प्रवाशाशी याहून जास्त बोलतो.

शुक्रवार मात्र तिचा होता. लग्नानंतर पंचेचाळीस दिवसांनी जमाल परत गेला, पण जाण्याआधी त्याने माळ्यावरच्या खोलीत कॉम्प्युटर बसवला, ब्रॉडबँड घेतलं आणि तिला तो खेळ शिकवला. तलवारी, जादू, ड्रॅगन असला खेळ. तिकडे खोलीवर रिकाम्या वेळी तो हाच खेळायचा. शुक्रवारी तिकडे सुट्टी. जुम्म्याची नमाज आणि बिर्याणी आटोपली की दहा जण मिळून एखाद्या अवाढव्य राक्षसावर चालून जात. त्याला ते रेड म्हणत. रत्नागिरीत तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असत.

त्या दहांत जमाल टँक होता. टँकने ढाल घेऊन सगळ्यांत पुढे उभं राहायचं, राक्षसाचा राग आपल्यावर ओढून घ्यायचा आणि मार खायचा. सुरय्या हीलर होती. तिने मागे उभं राहून त्याच्या जखमांवर हिरवा उजेड सोडायचा. त्याला वार बसे, ती बटण दाबी, जखम भरे. संसार म्हणजे आणखी वेगळं काय असतं, असं पहिले सहा महिने तिला वाटलं. सातव्या महिन्यात तिचे हात शिवशिवायला लागले. बाकीची मंडळी राक्षसाला मनसोक्त बडवत होती आणि ही आपली मलमपट्टी करत बसली होती. तरी ती गप्प राहिली, कारण ती मलमपट्टी जमालची होती.

दोन हजार आठच्या जानेवारीत अजिंक्यने फर्मान काढलं. अजिंक्य हा या टोळीचा म्होरक्या. मूळचा लांज्याचा, नोकरीला पुण्यात, आणि आकड्यांचा असा पक्का की स्वतःच्या लग्नातही अक्षता मोजून टाकेल. त्याने चॅटमध्ये लिहिलं की आता मिठाच्या डोंगरावरचा ड्रॅगन मारायचा आहे. तो बारा मिनिटांत मेला नाही तर सगळ्यांना मारतो. म्हणजे मार देणारी माणसं जास्त हवीत. तीन हीलर परवडत नाहीत, दोन पुरे. ज्याचं शस्त्र-सामान सगळ्यांत हलक्या प्रतीचं तो बाहेर. आणि मग, "सॉरी सुरय्या भाभी."

सुरय्या पडद्याकडे बघत राहिली. जमाल काहीतरी म्हणेल. माझी बायको आहे, म्हणेल. एक शुक्रवार तरी राहू द्या, म्हणेल. चॅटमध्ये जमालच्या नावापुढे अक्षरं उमटली: ओके.

त्या ओकेचा तिला जो राग आला तो तिने कांद्यावर काढला. पुढच्या गुरुवारी फोनवर आपली दोन मिनिटं मिळाली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुमी कायच बोललंत नाय."

"मी काय बोलनार? बायकोसाठी भांडलो तर पोरा हसतील," जमाल म्हणाला. "थोडे दिवस जाऊं दे."

"कोनाचा भांडन झाला?" फिजाने लगेच विचारलं. फोन कट झाला.

तो शुक्रवार सुरय्याने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. पाच वाजले. ती माळ्यावर गेली, खाली आली. भाताच्या टोपावरचं झाकण काढून बघितलं, भात होता तसाच होता. पुन्हा गच्चीवर गेली. भाट्याच्या खाडीत होड्या शिरत होत्या, त्यातली एकही तिच्या कामाची नव्हती. सव्वापाच. आता ते डोंगराशी पोचले असतील. साडेपाच. आता जमालला पहिला वार बसला असेल आणि त्याच्या जखमेवर दुसऱ्याच कुणाचा हिरवा उजेड पडत असेल. तिने धुतलेले कप पुन्हा धुतले. अम्मी म्हणाली, "पायाला भिंगरी लागली काय गो तुझ्या?" सुरय्याला रडू आलं, पण कप हातात होते म्हणून ते तसंच राहिलं.

रात्री निजताना तिचा हिशेब साधा झाला. हीलरची जागा गेली, पण मार देणाऱ्याची जागा रिकामी होती. अजिंक्यने तीन आठवड्यांनी परीक्षा ठेवली होती. ती जागा मिळवायची, आणि मिळवायची ती जमालची बायको म्हणून नव्हे. नवं पात्र, नवं नाव. कुणाला सांगायचं नाही. नवऱ्यालाही नाही, त्याने ओके लिहिलं होतं ना.

आता प्रश्न असा की मारायचं कशाने. खेळात मार देणारे तीन तऱ्हेचे होते आणि सुरय्याचं मन एकावर ठरेना. पहिले चार दिवस ती धनुष्यवाली झाली. लांब उभं राहायचं, बाण सोडायचे, अंगाला ओरखडा नाही. पण प्रत्येक बाण नेमक्या घटकेला सुटावा लागे, आणि घरची लाइन मध्येच अशी अडखळे की बाण सुटेपर्यंत राक्षस भलतीकडेच गेलेला असे. मग ती आगीची जादूगार झाली. तिचा गोळा पडला की डोंगर हादरे, पण तो पडण्याआधी सात-आठ सेकंद हात वर करून मंत्र म्हणत थांबायचं. सुरय्याला सात सेकंद थांबवेना. ती सहाव्या सेकंदाला दुसरंच बटण दाबी आणि मंत्र फुकट जाई. पुन्हा धनुष्यवाली. पुन्हा जादूगार.

"भाभी, तू सारीच्या दुकानात पन असाच करतंस," फिजा म्हणाली. कॉलेजातून आली की ती माळ्यावर येऊन बसे. गुपित तिला कळलं होतं. फिजापासून गुपित राखणं म्हणजे मांजरापासून बांगडा राखणं. पण पोटात ठेवण्याची शपथ तिने घेतली होती, आणि ती पाळत होती हे त्यातल्या त्यात नवल.

तिसरी तऱ्हा उरली होती, सुरीवाल्यांची. त्यांनी राक्षसाच्या पाठीशी चिकटून उभं राहायचं आणि भराभर भोसकत सुटायचं. वार बारीक, पण थांबणं नाही. याच्याकडे सुरय्याने बघितलंच नव्हतं, कारण राक्षसाच्या शेपटाखाली उभं राहणं तिला बरं दिसत नव्हतं. त्या बुधवारी सासऱ्यांनी जाळ्यातल्या उरल्यासुरल्या शेंगट्या घरी आणल्या. शेंगटीच्या पाठीवर काटा असतो, तो आधी मोडायचा आणि मग मासा हातात घ्यायचा, हे राजीवड्यात पोरालाही माहीत. सुरय्याचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. काटा अंगठ्यात गेला. वीतभर मासा, तोही मेलेला, आणि कोपरापर्यंत ठणका.

"मना नाय ईचारायचा? तेचा सगला जोर त्या काट्यात," अम्मी तिच्या अंगठ्यावर हळद दाबत म्हणाली.

सुजलेला अंगठा घेऊन सुरय्या माळ्यावर गेली आणि सुरीवाली झाली. पात्राचं नाव ठेवलं शेंगटी. पहिल्याच तासात तिला कळलं की हेच आपलं. लाइन अडखळून एक वार हुकला तर मागोमाग दुसरा होताच. थांबायचं नव्हतं, मंत्र नव्हता, वाट बघणं नव्हतं. चौदा महिने जे वाट बघत साचलं होतं ते दोन्ही हातांतल्या सुऱ्यांतून बाहेर पडायला लागलं. परीक्षेपर्यंत तिच्या हातून दोन कालवणं करपली.

एकच गोष्ट नडत होती. जो जास्त मारतो त्याच्यावर राक्षस उलटतो. सुरीवाली भान विसरून मारत राहिली की राक्षस टँकला सोडून तिच्याकडे वळे आणि एका फटक्यात संपवे. त्यावर उपाय होता: आपल्यावरचा राग टँकच्या हवाली करायचा. त्यासाठी टँकवर माउस नेऊन टिचकी मारायची किंवा एक ओळ लिहायची, आधी हुकूम आणि पुढे टँकचं नाव. बाकीचे सुरीवाले ती ओळ एका बटणात भरून ठेवत. सुरय्याने भरली नव्हती.

कारण टँकचं नाव जमाल होतं. खेळात लोक कसलीकसली नावं घेतात, पण हा पठ्ठ्या आपल्या खऱ्या नावानेच लढायचा. आणि सुरय्याची पाठवणी करताना आईने मंडणगडच्या स्टँडवर, बॅगा टपावर चढत असताना, बजावलं होतं की नवऱ्याचं नाव घेऊ नये, त्याचं आयुष्य कमी होतं. तोंडाने घेऊ नये हे नक्की. बोटांनी लिहिलेलं नाव घेतल्यात जमा की नाही, याबद्दल आई काही बोलली नव्हती. पण पहिल्या महिन्यात असं झालं की अम्मी मुलाला पडद्यावर बघायला माळ्यावर आली, नेमका त्याच दिवशी जमाल राक्षसाच्या पायाखाली आडवा झाला आणि अम्मीने तिथेच पदर तोंडात धरून रडायला सुरुवात केली. तेव्हापासून अम्मी माळ्यावर येत नसे, आणि पडद्यावरचं मरणही घरात रडवतं हे पाहून सुरय्याने नावाच्या बाबतीत ताकही फुंकून प्यायचं ठरवलं. हीलर असताना ती त्याच्यावर टिचकी मारी. चॅटमध्ये टोळीतल्या शिवाला शिवा लिही, अजिंक्यला अजिंक्य लिही, आणि नवऱ्याला 'मोठी ढाल' लिही. कुणाला त्यात काही वाटलं नव्हतं.

परीक्षेत गवताच्या बुजगावण्यावर पाच मिनिटं वार करायचे होते. शेंगटीचा आकडा टोळीतल्या दापोलीच्या धनुष्यवाल्याच्याही वर गेला. अजिंक्यने लिहिलं, "भाई, कुठला तू?" तिने लिहिलं, "कोकण." अजिंक्यने लिहिलं, "हात आवरायला शीक, बाकी उत्तम. शुक्रवारी ये."

शुक्रवार आला. साडेचारलाच ती वर जाऊन बसली, फिजा दारात राखणीला. दहा जण डोंगराच्या पायथ्याशी जमले. जमाल सगळ्यांच्या पुढे, पाठमोरा. इतके महिने तिने ही पाठ पाहिली होती, पण आज ती त्याच्यापासून दोन पावलांवर होती आणि त्याला माहीत नव्हतं. तिला हसू येत होतं.

त्या दिवशी टँक दोन होते, जमाल आणि शिवा. अजिंक्यने प्रत्येकाला विचारलं, राग कुणाच्या हवाली करणार ते लिहा, घोळ नको. धनुष्यवाल्याने लिहिलं, जमाल. जादूगाराने लिहिलं, शिवा. शेंगटीची पाळी आली. सुरय्याने लिहिलं, "मोठी ढाल."

बोटं सवयीने गेली होती. ओळ गेल्यावर तिला कळलं, पण गेलेली ओळ परत घेता येत नव्हती. अजिंक्यच्या काही ध्यानात आलं नाही. त्याला आकडे दिसतात, माणसं नाही. जमालने आधी बाकीच्यांच्या ओळी येऊ दिल्या. मग त्याने लिहिलं, "ओके."

पुन्हा तेच. या वेळी त्याचा अर्थ तिला लागला नाही आणि लावत बसायला वेळही नव्हता, कारण ड्रॅगन उठला होता.

पहिली दहा मिनिटं तिच्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली दहा मिनिटं होती, असं ती कुणाजवळही कबूल करणार नाही. ड्रॅगन कसाही वळला तरी त्याची पाठ बरोबर तिच्या पुढ्यात येई. नशीब, तिला वाटलं. ती मारत होती. मारता मारता हात आवरत होती, राग वाढला की मोकळी जागा बघून जमालवर टिचकी मारत होती, आणि पुन्हा मारत होती. पलीकडे जमाल मार खात होता, अलीकडे ती देत होती, आणि मध्ये फक्त एक ड्रॅगन होता.

शेवटचं मिनिट लागलं. ड्रॅगनचा जीव थोडा उरला होता, पण वेळही थोडाच. सगळे पुढे सरसावले. आणि सुरय्याला आवरलं नाही. गच्चीवरच्या फेऱ्या, दोनदा धुतलेले कप, दोन मिनिटांचे फोन, सगळं तिच्या बोटांत उतरलं. ड्रॅगनने मान वळवली आणि थेट तिच्याकडे बघितलं.

"शेंगटी, हवाली कर," अजिंक्यने लिहिलं.

तिने माउस नेला. पण ड्रॅगनच्या तोंडाशी आता दहा जणांचा असा गर्दा झाला होता की जमाल दिसेना. टिचकी शिवावर पडली, मग ड्रॅगनच्या पंखावर. ती मेली तर मार कमी पडणार, बारा मिनिटं संपणार, सगळे मरणार आणि तिची जागा कायमची जाणार. ओळ लिहिण्यावाचून उपाय नव्हता.  तिने हुकूम लिहिला आणि त्यापुढे, आयुष्यात पहिल्यांदा, नवऱ्याचं नाव लिहिलं.

ड्रॅगनची मान जमालकडे वळली. शेंगटीने साचवलेला सगळा राग एकदम त्याच्यावर गेला. एकच जाळ आला, मोठी ढाल बाजूला उडाली आणि जमाल आडवा झाला. शिवा धावून मध्ये पडला. सुरय्या डोळ्यांत पाणी असताना मारत राहिली, आणि चार सेकंद उरलेले असताना ड्रॅगन कोसळला.

चॅटमध्ये नुसती झुंबड उडाली. अजिंक्यने लिहिलं, "शेंगटी कायम." सुरय्या ते वाचत नव्हती. ती पडलेल्या जमालकडे बघत होती. तो उठेल, काहीतरी लिहील. खाली एक बारीक ओळ उमटली: जमाल खेळातून बाहेर पडला. रेड संपल्यावर तो तासभर तरी गप्पा मारत बसे. आज निरोपही न घेता गेला.

खेळातलं मरण म्हणजे मरण नव्हे, हे सुरय्याला कळत होतं. पण कळतं ते वळतं थोडंच? मी नाव घेतलं आणि तो पडला, एवढंच डोक्यात घोळत राहिलं. रात्रभर ती कुशी बदलत राहिली. तिकडे क्रेनखाली काम, तिकडचे ते रस्ते, तिकडची ती भरधाव वाहनं. सकाळी उठून तिने मशिदीपाशी बसणाऱ्या म्हातारीला बला टाळणारा सदका म्हणून तांदूळ आणि अंडी नेऊन दिली. अम्मीने विचारलं, कशाचा सदका? ती म्हणाली, असाच. फिजाने तोंड उघडलं आणि सुरय्याने तिच्याकडे असं बघितलं की ते पुन्हा मिटलं.

दुपारी फोन वाजला. शनिवारी आखाताचा फोन कधी येत नाही. शनिवारी येतो तो फोन वाईट असतो, हे राजीवड्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. अम्मीने तो उचलला, ऐकलं, आणि तिचा चेहरा बदलला. तिने रिसीव्हर पुढे केला. "तुनाच मागता हाय," ती म्हणाली. "पयला तुना."

 सुरय्याने रिसीव्हर कानाला लावला.

"शेंगटी हाय काय घरात?" जमालने विचारलं.

ती खालीच बसली. मग म्हणाली, "कवा वलखलात?"

"अजिंक्यने ईचारलान तवाच. मना मोठी ढाल जगात एकच मानूस म्हनता. म्हनून तर त्या ड्रॅगनची पाठ तुझ्याकडं धरून उभा होतो."

"मग न बोलता गेलंत कुठं?"

"कार्ड आनायला. काल शुक्रवार, दुकान बंद. आज उघडला." मग तो म्हणाला, "सुरय्या, तवा मी ओके लिवला ता माझा चुकला. मी भांडायला पायजे होता."

हे ऐकायला तिने एवढ्या सुऱ्या चालवल्या होत्या. पण आता ते ऐकून तिचं मन भरेना. "मी तुमचा नाव लिवला," ती म्हणाली. "आनि तुमी पडलात."

 जमाल हसला नाही, याबद्दल ती त्याला जन्मभर दुवा देईल.

"मग आता तोंडाने घे," तो म्हणाला. "मेलेला मानूस ओ देत नाय. बघ मी देतो काय."

अम्मी समोर बसली होती. फिजा दाराला टेकली होती. सासरे जाळं शिवता शिवता थांबले होते. सुरय्याने सासूकडे बघितलं. काय चाललंय ते अम्मीला कळलं होतं की नाही कोण जाणे, पण इतकी वर्षं आखाताचे फोन घेतलेली बाई ती. "घे गो लवकर काय ता," अम्मी म्हणाली, "कार्ड संपेल."

"जमाल," सुरय्या म्हणाली.

परदेशच्या फोनला आवाज पोचायला एक क्षण जास्त लागतो. तेवढा क्षण तिने श्वास धरून ठेवला.

"ओ," तो म्हणाला.